उत्साही स्पॅनियलला घर शोधताना

प्रश्न : सप्रेम नमस्कार. दोन महिन्यांपूर्वी एका रिकाम्या इमारतीच्या आवारात खांबाला बांधून सोडून दिलेला स्पॅनियल जातीचा एक कुत्रा मला सापडला. तपकिरी-पांढरा, अंगाने सडपातळ, आणि पशुवैद्यांच्या अंदाजानुसार एक ते दीड वर्षाचा. मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवलेली ओळखक्रमांकाची बारीक चिप, आहे का ते तपासून घेतले, ती नव्हती. मूळ मालकाचा शोध घेतला, कोणीही पुढे आले नाही. आम्ही त्याला भुऱ्या म्हणतो. तो अतिशय लाघवी आहे, पण पहाटे डोळे उघडल्यापासून त्याच्या पायाला भिंगरी लागलेली असते. माझ्या आईचे खुब्याचे हाड मोडल्यामुळे ती काठी घेऊन चालते आणि भुऱ्या आनंदाच्या भरात तिच्या अंगावर झेपावतो, त्यामुळे मनात असूनही मी त्याला कायमचा ठेवू शकत नाही. एका कुटुंबाने त्याला नेले आणि चौथ्या दिवशी परत आणून सोडले. पाच वर्षांच्या मुलाला त्याने धडक देऊन पाडले आणि तोंडातला मोजा काढून घेताना तो गुरगुरला, अशी त्यांची तक्रार होती. आता जवळची माणसे सांगतात की ‘शांत आहे’ असे सांगून एकदाचा देऊन टाक, लळा लागला की ठेवून घेतील. हे मला पटत नाही, पण खरे सांगितले की लोक काढता पाय घेतात. काय करावे?

उत्तर : जे आपल्या मनाला पटत नाही ते करू नका. भुऱ्या शांत आहे असे सांगितले, तर शांत कुत्रा हवा असलेल्या घरातच तो जाऊन पडेल आणि पुन्हा परत येईल. गेली अनेक वर्षे मी अशा कुत्र्यांना घरे मिळवून देण्याचे काम करत आहे, आणि एकदा ही चूक माझ्याही हातून झाली आहे. एका तरुण कॉकरला (हा स्पॅनियलचाच एक प्रकार) ‘थोडा खेळकर’ एवढेच म्हणून मी एका घरी दिले. अकराव्या दिवशी तो परत आला तेव्हा दार उघडणाऱ्या प्रत्येक माणसाकडे पाहून तो आधी मागे सरकत होता. तो पुन्हा पूर्वीसारखा पुढे धावून येऊ लागायला दोन महिने गेले. तेव्हापासून मी इच्छुकांना कुत्र्याबद्दल सर्वांत अवघड गोष्ट सर्वांत आधी सांगतो.

भुऱ्याचे खरे वर्णन करायचे, तर तो असा का आहे हे आधी समजून घेतले पाहिजे. स्पॅनियल ही मुळात शिकाऱ्याबरोबर राबणारी जात आहे. दाट झुडपात शिरायचे, वासावरून दडलेला पक्षी शोधायचा, त्याला उडवायचे, आणि पडलेला पक्षी दात न लावता तोंडात धरून माणसाच्या हाती आणून द्यायचा, हे तिचे काम. पक्ष्याला असे उसळी घेऊन उडायला लावण्यावरून स्पॅनियलच्या एका प्रकाराला ‘स्प्रिंगर’ हे नाव आले, तर वुडकॉक नावाच्या पक्ष्यावरून ‘कॉकर’. एके काळी एकाच वेतातल्या पिल्लांना आकारमानानुसार ही दोन्ही नावे मिळत असत. इंग्लंडच्या केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, स्प्रिंगरला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली ती १९०२ मध्ये. पुढे प्रदर्शनासाठी आणि प्रत्यक्ष कामासाठी अशा दोन वेगळ्या वंशरेषा तयार होत गेल्या, आणि कामाच्या वंशातले कुत्रे अंगाने अधिक सडसडीत, केसांनी कमी झुपकेदार आणि स्वभावाने अधिक चळवळे राहिले. आपल्या वर्णनावरून भुऱ्या त्या वंशातला वाटतो. मोजा तोंडात घेऊन घरभर मिरवणारा भुऱ्या खोडी काढत नाही. वस्तू शोधून उचलून आणणे हे ज्या कामासाठी त्याचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या निवडले गेले, तेच तो करत आहे. त्यात त्याचे वय आडनिडे. साधारण सहाव्या महिन्यापासून दीड-दोन वर्षांपर्यंत कुत्र्याच्या अंगात प्रौढाची ताकद येते, पण स्वतःला आवरण्याची समज मागाहून येते. वय वाढेल तसा तो बराच सावरेल, मात्र निवांत पडून राहणारा कुत्रा तो होईल असे वचन कोणालाही देऊ नका.

नवे घर शोधत असतानाच आपल्या घरी दोन-तीन आठवडे त्याच्यावर थोडे काम करावे, असे मी आग्रहाने सुचवतो, कारण त्याने भुऱ्याचे भले होईलच आणि इच्छुकांना दाखवण्यासारखे काही हाती येईल. बहुतेक लोक अशा कुत्र्याला दमवण्यासाठी तासभर चेंडू फेकत राहतात. त्याने कुत्रा तापतो, थांबायचे विसरतो, एकसारख्या उड्या आणि वळणांनी सांध्यांवर ताण येतो, आणि महिनाभरात त्याला दमायला दीड तास लागू लागतो. त्याऐवजी त्याच्या नाकाला काम द्यावे. एक जुना टॉवेल अंथरून त्यावर त्याच्या रोजच्या खाद्यातले पंधरा-वीस दाणे पसरावेत, टॉवेल गुंडाळून त्याच्यापुढे ठेवावा आणि आपण बाजूला बसावे. पहिल्यांदा तो पंजाने ओरबाडेल. मग हळूहळू नाक टॉवेलच्या घडीत शिरते, श्वासाचा फुस्‌फुस्‌ असा जलद आवाज ऐकू येतो, शेपटीचे फक्त टोक थरथरत असते, आणि दाणा सापडला की ते टोक क्षणभर थांबते. दहा-बारा मिनिटांनी अनेक कुत्रे आपण होऊन सतरंजीवर जाऊन हनुवटी टेकतात. पुढे हेच दाणे खोलीत, मग अंगणात, मग गवतात लपवावेत. फिरायला नेतानाही अंतर किती कापले यापेक्षा त्याला मनसोक्त हुंगू दिले का, याकडे लक्ष द्यावे. छातीपट्टा आणि पाच-दहा मीटरची लांब दोरी यासाठी उपयोगी पडते.

उड्यांबाबत घरातल्या सर्वांनी एकच नियम पाळावा : चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच लाड. त्याने झेप घेतली की ओरडायचे नाही, हातांनी ढकलायचेही नाही, कारण ढकलणे हा त्याला खेळच वाटतो. नुसती पाठ फिरवायची. आईसाहेबांच्या बाबतीत मात्र हा प्रयोग नको. त्या चालत असताना तो पट्ट्यावर किंवा दाराच्या जाळीपलीकडेच असावा.

गुरगुरणे हा अधिक नाजूक विषय आहे. गुरगुरणे म्हणजे ‘हे माझ्याकडून ओढू नका’ अशी पूर्वसूचना असते, आणि तिच्याबद्दल शिक्षा दिली तर कुत्रा सूचना देणे बंद करतो, वस्तू राखणे बंद करत नाही. ज्याच्या तोंडातून आजवर सगळे हिसकावूनच घेतले गेले असेल, त्याला माणसाचा हात जवळ येताना पाहून आणखी काय वाटणार? त्याच्याशी अदलाबदलीचा खेळ खेळावा. त्याच्याकडे कमी आवडीचे खेळणे असताना काही पावले दूर उत्तम खाऊ टाकावा, तो खाऊकडे गेला की खेळणे उचलावे, आणि लगेच ते त्याला परतही द्यावे. माणूस जवळ आला की वस्तू जातेच असे नाही, उलट काहीतरी मिळते, हे त्याच्या मनावर ठसायला अशी पुष्कळ आवर्तने लागतात. तो नुसता गुरगुरत नसून दात लावत असेल, तर हे घरच्या घरी करू नका, पशुवैद्यांकडून चांगल्या प्रशिक्षकाचे नाव घ्या. आणि त्याच भेटीत त्याचे कान नीट पाहून घ्या. स्पॅनियलच्या लोंबत्या कानांखाली हवा खेळत नाही, ओल राहते, यीस्ट आणि जिवाणू वाढतात. कान ठणकत असलेला कुत्रा अस्वस्थ, चिडखोर आणि ‘फार चळवळा’ वाटू शकतो. लसीकरण, जंतनाशक, मायक्रोचिप आणि निर्बीजीकरण हे सगळे देण्याआधी आपल्याच हातून व्हावे. निर्बीजीकरणाचा आग्रह मी अशासाठी धरतो की जातिवंत दिसणारा तरुण नर अनेकांना घरासाठी नव्हे, तर पैदाशीसाठी हवा असतो, आणि ती मंडळी बोलायला फार गोड असतात.

आता जाहिरातीचा मजकूर. तो साधारण असा असावा : ‘भुऱ्या, स्पॅनियल, नर, अंदाजे सव्वा वर्षाचा. माणसांची विलक्षण ओढ. दिवसातून दोनदा लांब फिरणे आणि रोज नाकाचे खेळ मिळाले तर घरात छान झोपतो. न मिळाले तर मोजे, चपला आणि उशा पळवतो. माणसे दिसली की उड्या मारतो, त्यावर शिकवणी सुरू आहे. तोंडातली वस्तू ओढून घेतलेली चालत नाही, अदलाबदल केली तर आनंदाने देतो. लहान मुले किंवा काठीच्या आधाराने चालणारी वृद्ध माणसे असलेल्या घरासाठी योग्य नाही. पिंजऱ्यातले पक्षी असलेल्या घरासाठीही नाही.’ हा मजकूर वाचून दहांपैकी नऊ जण फोन करणार नाहीत हे खरे, पण त्या नऊ जणांना तो कुत्रा नकोच होता. सोबत गोंडस छायाचित्र एकच पुरे. त्याऐवजी तो पट्ट्यावर चालताना, टॉवेल उलगडताना आणि त्यानंतर झोपलेला असतानाची छोटी चित्रफीत ठेवावी. ‘चळवळा’ या शब्दाने घाबरलेला माणूस ती झोप पाहून पुन्हा विचार करतो.

जो दहावा माणूस फोन करील, त्याला ‘तुम्हाला कुत्रे आवडतात का’ असे विचारण्यात अर्थ नाही. मी एकच विचारतो : कालचा तुमचा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत कसा गेला, ते सांगा. परवाचा, पावसातला, आजारपणातला दिवसही विचारतो. या उत्तरांमधून कुत्र्यासाठी जागा दिसते किंवा दिसत नाही. घर केवढे आहे, बाग आहे का, यावर मात्र पूर्वी माझा जेवढा भर असे तेवढा आता राहिलेला नाही. मोठ्या अंगणाच्या घरी दिलेला एक स्प्रिंगर मी महिन्याभराने पाहायला गेलो, तेव्हा तो अंगणाकडे पाठ करून बंद दाराच्या फटीला नाक लावून बसला होता. दाराच्या त्या कोपऱ्यातला रंग त्याने खरवडून काढलेला होता. अंगणात तो एकटाच होता. त्याला पुढे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरी दिले, तिथला तरुण रोज कामावर जाण्याआधी तासभर त्याला घेऊन टेकडीवर जायचा आणि संध्याकाळी घरभर किल्ल्या, पाकिटे लपवून त्याच्याकडून शोधून घ्यायचा. तो कुत्रा आजही तिथेच आहे.

निवड झाली तरी घाई करू नका. घरातल्या प्रत्येक माणसाने भुऱ्याला निदान दोन-तीन वेळा भेटावे, आणि एकदा तरी तो ऐन भरात, म्हणजे फिरून येण्याआधी, त्यांना दिसावा. आपणही त्यांच्या घरी जाऊन यावे; जो येऊ देत नाही, त्याला देऊ नये. भाड्याचे घर असेल तर घरमालकाची संमती लेखी असावी. कुत्रा देताना साधा लेखी करार करावा आणि त्यात एक वाक्य ठळक असावे की कोणत्याही कारणाने ठेवणे जमले नाही, तर भुऱ्याला दुसरीकडे न देता आपल्याकडेच परत आणावे. मायक्रोचिपच्या नोंदीत नव्या पालकाचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक त्याच आठवड्यात बदलून घ्यावेत, कारण चिप म्हणजे केवळ एक क्रमांक असतो. ती कुत्रा कुठे आहे ते दाखवत नाही, नोंद जुनी असेल तर ती निरुपयोगी. त्याची सतरंजी न धुता सोबत द्यावी, आणि तो जे खाद्य खातो तेच पहिले काही दिवस चालू ठेवायला सांगावे.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही नोकरी करतो आणि घर रोज नऊ तास बंद असते. सुट्टीचे दोन दिवस मात्र पूर्ण मोकळे असतात व आम्हाला डोंगर चढण्याची आवड आहे. सुटका केलेला एखादा तरुण स्पॅनियल घेण्याची फार इच्छा आहे. घ्यावा का?

उत्तर : आजच्या परिस्थितीत तरुण स्पॅनियल घेऊ नये, असे मला स्पष्टपणे सांगितले पाहिजे. प्रौढ कुत्र्यालाही सलग चार तासांहून अधिक काळ एकटे ठेवू नये, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. स्पॅनियल तर माणसाच्या पायात घोटाळणारी जात. पाच दिवस कोंडून ठेवून दोन दिवस डोंगरावर नेल्याने हिशेब जुळत नाही, कारण कुत्र्याला आठवडा कळत नाही, आजचा दिवस कळतो.

मात्र आपली इच्छा खरी असेल तर दोन गोष्टी करून पाहाव्यात. दुपारी कोणी नात्यातले, शेजारचे किंवा पगारी माणूस येऊन त्याला बाहेर नेईल आणि तासभर सोबत बसेल, अशी व्यवस्था कुत्रा येण्यापूर्वी पक्की करता येते का, ते पाहावे. ‘आल्यावर बघू’ अशी व्यवस्था सहसा होत नाही. ती झाली, तर कुत्रा नसतानाच तीन आठवडे कुत्रा असल्यासारखे जगून पाहावे. रोज पहाटे उठून पाऊण तास बाहेर चालावे, कामावरून आल्यावर खुर्चीत न बसता पुन्हा चालावे, आणि रात्री पंधरा मिनिटे कोणत्यातरी कामासाठी राखून ठेवावीत. तिसऱ्या आठवड्यातही हे जड वाटले नाही, तर आपण योग्य घर आहात. जड वाटले, तर सात-आठ वर्षांचा एखादा स्पॅनियल शोधावा, असे मी मनापासून सुचवीन, अर्थात दुपारची सोबत त्यालाही हवीच. या जातीचे कुत्रे साधारण बारा ते चौदा वर्षे जगतात, त्यामुळे त्याच्यापुढे अजून पुष्कळ आयुष्य असते, सुट्टीच्या दिवशी डोंगराची चढणही त्याला झेपते, आणि वय पाहून लोक मागे हटत असल्यामुळे घराची वाट पाहत सर्वांत जास्त काळ तोच बसून असतो.

प्रश्न : तीन आठवड्यांपूर्वी आम्ही सुटका केलेली एक वर्षाची स्पॅनियल मादी घरी आणली. पहिले चार-पाच दिवस ती इतकी शहाण्यासारखी वागली की आम्हाला नवल वाटले. आता ती पडदे ओढते, मी दुसऱ्या खोलीत गेले तरी रडते, हाक मारली तर ऐकत नाही. आमचे काही चुकले का? तिला परत द्यावे का, असा विचार मनात येतो आणि त्याचीच लाज वाटते.

उत्तर : असा विचार मनात येणे ही लाज वाटण्यासारखी गोष्ट नाही. पहिल्या दिवसांतला शहाणपणा पुष्कळदा शहाणपणा नसतो, ती भीतीने अंग आखडून बसलेली असते. या कामातली माणसे एक ढोबळ आडाखा सांगतात : तीन दिवस बावरण्याचे, तीन आठवडे रुळण्याचे, तीन महिने घर आपले वाटण्याचे. प्रत्येक कुत्रा या आडाख्याप्रमाणे चालतो असे नाही, पण आपली स्पॅनियल त्या मधल्या टप्प्यावर आहे आणि जी खरी आहे ती आता कुठे दिसू लागली आहे.

महिनाभर पाहुणे, सहली, नवनवीन जागा सगळे बंद ठेवावे. फिरणे, खाणे, झोपणे यांच्या वेळा ठरलेल्या असाव्यात, आणि दिवसा तिला झोप मिळते का याकडे लक्ष द्यावे. तरुण कुत्र्याला दिवसरात्र मिळून चौदा तासांच्या आसपास झोप लागते, आणि ती न मिळालेला कुत्रा अपुऱ्या झोपेने किरकिऱ्या झालेल्या मुलासारखाच धुमाकूळ घालतो. रडण्यासाठी अगदी लहान पायऱ्या कराव्यात. दाराबाहेर पाऊल टाकून, ती रडण्यापूर्वीच, दोन सेकंदांत परत यावे. मग पाच सेकंद, मग अर्धा मिनिट. येताना-जाताना लाडाचा सोहळा नको. हाक मारण्याचा सराव घरातच, ती पाच पावलांवर असताना करावा आणि प्रत्येक वेळी आल्याबद्दल काहीतरी द्यावे. बाहेर तिला एवढ्यात मोकळी सोडू नये. एखादा पक्षी उडाला तर ती नाकामागे धावत सुटेल आणि परत कोणत्या घरी यायचे, हे तिला अजून पुरते ठाऊक नाही.

परत देण्याचा विचार कधी करावा, हेही सांगतो. ती घरातल्या कोणाला चावली असेल, मुलांना एकाच घरात राहूनही तिच्यापासून वेगळे ठेवावे लागत असेल, किंवा आपलीच प्रकृती या ओढाताणीत खालावत असेल, तर ज्यांच्याकडून आणली त्यांना आजच कळवावे. आपण तीन आठवड्यांत तिच्याबद्दल जे जे पाहिले, ते लिहून द्यावे. त्या कागदामुळे पुढचे घर अधिक अचूक शोधता येते, आणि ज्यांनी मनापासून काम हाती घेतले आहे ते आपल्याला बोल लावणार नाहीत.

प्रश्न : दत्तक घेतलेल्या स्पॅनियलच्या अंगावरचे व कानांचे केस मुळापासून भादरून टाकावेत का? आणि कान किती वेळा स्वच्छ करावेत?

उत्तर : मुळापासून भादरू नयेत. पोत बिघडतो, केस पुन्हा विचित्र वाढतात. कानाच्या पाळीच्या आतल्या बाजूचे आणि तळव्यांमधले केस मात्र बारीक कापलेले असावेत, आणि कानांमागे, काखेत व मांड्यांवर एक दिवसाआड कंगवा फिरवावा, कारण गुंते तिथेच होतात. कान आठवड्यातून एकदा उघडून पाहावेत व वास घेऊन बघावा. पशुवैद्यांनी सांगितले असेल तेवढेच औषध घालावे, कानकाडी आत घालू नये. पोहल्यावर किंवा अंघोळीनंतर कान कोरडे करावेत. पाण्याचे भांडे अरुंद तोंडाचे व उंच काठाचे असले की कान बाहेर राहतात. गवतातून आल्यावर तो एकाएकी डोके झटकू लागला, मान एका बाजूला कलती ठेवू लागला, तर कानात कुसळ गेले असण्याची शक्यता असते. ते आत आतच सरकते, म्हणून त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे.